एकच गोष्ट बदलायची, बाकी जग तसंच ठेवायचं

प्रश्न एका इंजिनीअरचा आहे, नोकरी करणाऱ्या. थोडक्यात असा: "एक विज्ञानकादंबरी डोक्यात आहे. साल २१८०, मंगळावरची वसाहत, पृथ्वी नष्ट झालेली, माणसांच्या आठवणी यंत्रात साठवता येतात आणि शेवटी परग्रहावरचे लोक येतात. जयंत नारळीकरांनी संशोधन सांभाळून कथा-कादंबऱ्या लिहिल्या. त्यांना ते कसं जमलं, आणि त्यांच्या प्रवासातून माझ्यासारख्यानं काय घ्यावं?"

पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी विज्ञानकथा लिहितोय आणि स्पर्धांसाठी आलेल्या कथांचे गठ्ठेही वाचतोय. नारळीकरांवर बोलायला लागलं की लोक त्यांच्या पदव्या आणि पुरस्कार मोजतात. लिहिणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. त्यांनी कथा कशी रचली हे बघितलं, तर मात्र तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं.

सुरुवात १९७४ पासून करू. अहमदाबादला एक वैज्ञानिक परिषद चालू होती आणि एक व्याख्यान फार कंटाळवाणं होतं. नारळीकरांनी समोरच्या कागदांवर कथा लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा जाहीर झालेली होती. कथेचं नाव 'कृष्णविवर'. स्वतःच्या नावानं पाठवली तर परीक्षक नावाला बक्षीस देतील, अशी शंका होती. म्हणून त्यांनी ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' असं नाव घेतलं. परिषदेतल्या मंडळींना अक्षर ओळखू येईल, म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती कथा आपल्या अक्षरात उतरवून दिली. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं.

हा किस्सा सगळे गंमत म्हणून सांगतात. मला तो गंभीरपणे घ्यावासा वाटतो. १९६५ मध्ये, वयाच्या सव्वीसाव्या वर्षी, पद्मभूषण मिळालेला हा माणूस. त्यांनी किराणा मालाची यादी पाठवली असती तरी एखाद्या संपादकानं छापली असती. पण कथाकार म्हणून आपण कोण आहोत हे त्यांना माहीत नव्हतं आणि ते खरंखुरं जाणून घ्यायचं होतं. तुमचं लिखाण आधी मित्रांना, ऑफिसातल्या लोकांना वाचायला देऊ नका. जिथे नाव झाकून वाचतात तिथे एक कथा पाठवा. कादंबरीच्या आधी कथा, हेही त्यातच आलं.

बक्षिसानंतर नाव उघड झालं. 'किर्लोस्कर' मासिकाचे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी आणखी कथा मागितल्या. पुढच्याच वर्षी, १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षीय भाषणात या नव्या लेखनाची दखल घेतली. त्या संमेलनाची आठवण आपण आणीबाणीमुळे ठेवतो. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांसाठी त्या भाषणाला हा दुसरा अर्थ आहे: मराठी साहित्याच्या मुख्य मांडवातून आपल्याला कुणीतरी हाक मारली.

आता थोडं मागे जाऊ, कारण कथांची पद्धत बालपणातच दिसते. जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. वाढले मात्र बनारसला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. घरात भिंतीवर फळे होते. शिकायला राहिलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्या फळ्यावर जयंतासाठी आव्हान म्हणून एक गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत, किंवा मुलगा हरलो म्हणेपर्यंत, फळा पुसला जात नसे. येता-जाता, जेवताना, झोपताना ते एकच कोडं समोर. नारळीकरांच्या चांगल्या कथा अगदी अशाच आहेत. फळ्यावर एकच गणित, आणि ते सुटेपर्यंत दुसरं काही लिहायचं नाही.

केंब्रिजचं सगळं सांगत बसत नाही. १९५९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, मग खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याकडे संशोधन, १९६३ मध्ये पीएचडी. मात्र हॉइल स्वतः विज्ञानकादंबरीकार होते, हे विसरू नका. त्यांची पहिली कादंबरी १९५७ ची, म्हणजे नारळीकर त्यांच्याकडे येण्याआधीची. संशोधन करणाऱ्यानं गोष्टी लिहिल्या तर प्रतिष्ठा जाते, ही भीती या शिष्याला वाटण्याचं कारणच नव्हतं. त्याच्या गुरूच्या घरातच ते चालू होतं. कुणीतरी आधी करून दाखवलेलं असणं याला फार किंमत असते.

हॉइलकडून आणखी एक गोष्ट आली, आणि माझ्या मते ती कथाकार नारळीकरांचा पाया आहे. विश्वाला सुरुवात नाही, ते नेहमीच असं होतं, हा स्थिर स्थितीचा सिद्धांत हॉइल मांडत होते. १९६४ मध्ये हॉइल-नारळीकरांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आला आणि गाजला. त्याच सुमारास पेन्झियास आणि विल्सन यांना सगळ्या दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला सुरुवात आहे असं मानणाऱ्या सिद्धांताच्या, बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल, खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज आणि ते अशा तिघांनी जुना सिद्धांत सुधारून पुन्हा मांडला. ते बरोबर होते की चूक, हा निवाडा इथे करायचा नाही. बघायचं ते हे, की हा माणूस आयुष्यभर रोज सकाळी उठून विचारत होता: सगळे मानतात तसं नसेल तर? तेच पुरावे, तेच तारे, फक्त एक गृहीतक वेगळं. मग विश्व कसं दिसेल?

हाच प्रश्न त्यांनी पानिपतला विचारला, आणि मराठीतली एक अव्वल विज्ञानकथा झाली.

'गंगाधरपंतांचे पानिपत' तुम्ही वाचली नसेल तर आधी ती वाचा. 'द अॅडव्हेंचर' या इंग्रजी रूपात ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आली, त्यामुळे मुलांना कधी कधी आई-बाबांपेक्षा जास्त माहीत असते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर वेगळ्याच हिंदुस्थानात जागे होतात. तिथे १७६१ चं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. पंत पुण्याहून जिजामाता एक्सप्रेसनं मुंबईला निघतात. वाटेत सरहद्द नावाचं स्टेशन लागतं, तिथून ब्रिटिशांचा मुलूख सुरू होतो. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून कारभार करतेय. मुलगा जिथे नोकरी करतो त्या ठिकाणी ते जातात, तर त्या नावाचा माणूसच तिथे नाही. शेवटी टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन ते स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड मागवतात. पहिले खंड जसेच्या तसे. शेवटच्या खंडात, पानिपतापाशी, इतिहास वळलेला.

का वळला? बखरीतल्या एका ओळीमुळे. आपल्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागली. तिथे ती कानाला चाटून गेली. तिळाएवढा फरक. एवढंच बदललंय.

आता रचना नीट बघा. लेखकानं बदलली ती एका गोळीची वाट. रेल्वे आहे, ग्रंथालय आहे, प्राध्यापकी बाणा आहे, आझाद मैदानावरची सभाही आहे. पंत त्या सभेत अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसतात आणि लोक खवळतात. हे सगळं आपल्या ओळखीचं आहे म्हणूनच स्टेशनावर 'सरहद्द' ही पाटी दिसली की अंगावर काटा येतो. परत आल्यावर पुरावा म्हणून पंतांच्या खिशात उरतं ते बखरीचं एक फाटलेलं पान. मोठं यंत्र नाही, चमकणारा दगड नाही. एक पान, आणि त्यावर गोळी चुकल्याचा मजकूर. मी दर एक-दोन वर्षांनी ही कथा पुन्हा वाचतो, आणि दर वेळी त्या पानाशी थांबतो.

हीच रीत इतरत्रही आहे. 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये एका क्रिकेटपटूचा उजवा-डावा उलटतो आणि गणपतीची सोंडही उलटते. आरशातल्यासारखा उलटा झालेला माणूस म्हणजे नेमकं काय, एवढा एकच प्रश्न. 'धूमकेतू'मध्ये कोलकात्याचे दत्तदा हौसेनं आकाश बघतात, त्यांना सापडलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असं गणित सांगतं. जगातले शास्त्रज्ञ त्याला वळवायचा बेत करतात आणि इकडे घरी दत्तदांच्या पत्नी यज्ञ करवून घेतात. संकट टळल्यावर श्रेय कुणाचं? घरातलं उत्तर वेगळं आणि वेधशाळेतलं वेगळं. ही कथा विज्ञानाची जितकी, तितकीच एका संसाराची आहे.

आता तुमच्या कादंबरीकडे. तुम्ही मोजलं नसेल, मी मोजलं. काळ बदललाय, ग्रह बदललाय, पृथ्वी संपलीय, स्मृती यंत्रात गेलीय आणि वर परग्रहवासी. पाच बदल. प्रत्येक बदल वाचकाला समजावून सांगायला तुम्हाला पानं लागणार, आणि तोवर त्याच्या मनात भीती कशाची, आशा कशाची हे ठरणारच नाही. हे मी अनुभवानं सांगतोय. माझ्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित सव्वातीनशे पानांचं होतं आणि त्यात असेच सात बदल होते. एका संपादकानं ते परत पाठवलं. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच होतं की सगळंच शक्य असेल तर या माणसांची काळजी मी कशासाठी करू. दोन महिने मला राग होता. मग मी नारळीकरांच्या कथा घेऊन बसलो आणि प्रत्येक कथेत काय बदललंय ते एका ओळीत लिहून काढलं. प्रत्येक वेळी ते एका ओळीत मावलं. माझ्या कादंबरीचं दीड पान झालं होतं.

विज्ञानाचा उपयोग माहितीसाठी करायचा की अडचणीसाठी, हा पुढचा मुद्दा. तुमच्याच मंगळावरचं उदाहरण घेतो. मंगळ पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतो तेव्हा रेडिओ संदेश तिथे पोचायला साधारण तीन मिनिटं लागतात. सूर्याच्या पलीकडे गेला की बावीसेक. प्रकाशापेक्षा वेगानं काही जात नाही, त्यामुळे यात सवलत नाही. नवा लेखक हे असं लिहितो:

"तुला माहीतच आहे," डॉ. अविनाश म्हणाले, "की मंगळ आणि पृथ्वी यांच्यातील अंतर बदलत असल्यामुळे संदेशाला तीन ते बावीस मिनिटे लागतात."

दोघांनाही माहीत आहे तर तो सांगतोय कशाला? वाचकासाठी. आणि वाचकाला ते लगेच कळतं. आता तीच वस्तुस्थिती अशी मांडून बघा:

आईनं विचारलं, "रडतेयस का गं?" तो प्रश्न मंगळावर पोचला तेव्हा मुलीचं रडणं थांबून डोळे कोरडे झाले होते. "नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. आईला मात्र तिचं 'नाही' ऐकू आलं ते चाळीस मिनिटांनी. तोवर तिनं शेजारणीला बोलावलं होतं.

आकडा एकच. पहिल्यात तो पाठ्यपुस्तकातला, दुसऱ्यात तो मायलेकींच्या मधे उभा राहिलेला.

इथे नारळीकरांशी माझा मतभेद आहे आणि तो लपवायचं कारण नाही. विज्ञानकथेतून वाचकापर्यंत विज्ञान पोचावं, असं ते उघडपणे मानत. हेतू थोर होता. पण त्यापायी त्यांच्या कथांत कधी कधी एक जाणकार पात्र दुसऱ्याला बसवून समजावतं, आणि कथा तेवढा वेळ ताटकळते. पानिपताच्या कथेतही शेवटी राजेंद्र देशपांडे पंतांना पुंजवादाबद्दल, म्हणजे क्वांटम सिद्धांताबद्दल, सांगतात. तिथे ते खपून जातं, कारण तोवर फाटलेलं पान आपल्या हातात आलेलं असतं आणि खुलासा आपल्यालाच हवा असतो. त्यांची पात्रंही बहुतेकदा कामापुरती. स्त्रिया कमी, आणि असल्या तर पुष्कळदा घरच्या बाजूला. त्यांचा आदर करणाऱ्यानं हे मान्य करूनच पुढे लिहावं.

याच कारणानं मला त्यांच्या कथा कादंबऱ्यांपेक्षा उजव्या वाटतात. 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' या तिन्ही मी आवडीनं वाचल्या आहेत. यंत्राला स्वतःसारखं दुसरं यंत्र बनवता आलं तर काय, हा 'वामन'मधला प्रश्न आज तर अधिकच अंगावर येतो. 'व्हायरस'मध्ये संगणकांवर विसंबलेलं जग त्यांच्यातल्या विषाणूमुळे अडकतं. कल्पना पक्की आहे, मांडणी प्रामाणिक आहे. संशोधन संस्थेत बैठका कशा होतात, निर्णय कुठे अडतात, हे आतल्या माणसानं लिहिलेलं कळतं. पण वीस पानांत एक बदल जितका घुमतो तितका दोनशे पानांत घुमत नाही. तिथे माणसं लागतात, त्यांची भांडणं, त्यांचे जुने हिशेब. कादंबरीत बदल एकच ठेवून त्याची झळ चार-पाच वेगळ्या माणसांना लागलेली दाखवावी लागते. नारळीकरांचा वाटा जिथे संपतो तिथून तुमच्यासारख्यांचं काम सुरू होतं, असं मला मनापासून वाटतं.

नोकरी सांभाळण्याबद्दल विचारलंत. नारळीकर १९७२ मध्ये भारतात परतले, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी करायला गेले आणि २००३ पर्यंत तिचे संचालक होते. संस्था शून्यातून उभारणाऱ्याकडे लेखनासाठी मोकळे महिने नसतात. मग जमलं कसं? माझं उत्तर असं की त्यांनी कथेसाठी वेगळा विषय शोधायला वेळ घालवलाच नाही. दिवसभर ज्या गोष्टींचा विचार चालायचा, कृष्णविवर, धूमकेतू, काळ, त्यातूनच कथा आल्या. तुम्ही इंजिनीअर आहात. कोणत्या शाखेचे ते लिहिलं नाहीत, पण तुमच्या रोजच्या कामात असं काहीतरी नक्की आहे जे बिघडलं तर काय होईल हे तुम्हाला माहीत आहे आणि मला नाही. पंप, पूल, विजेचं जाळं, जे असेल ते. मंगळावरच्या वसाहतीत ते कुणीतरी सांभाळत असणारच. तुमची कादंबरी त्याच्या पाळीच्या वेळेत सुरू होऊ द्या.

पैशांचं दोन वाक्यांत सांगतो. मराठीत विज्ञानकादंबरीच्या मानधनावर घर चालत नाही, नोकरी सोडू नका. दिवाळी अंकांत कथा छापून येत राहिल्या की कादंबरीला प्रकाशक मिळणं सोपं जातं, तो रस्ता अजून उघडा आहे.

वाचकाशी नातं कसं ठेवावं, हे मात्र त्यांच्याकडून जरूर घ्या. मुलं सही मागायला आली की नारळीकर म्हणत, पोस्टकार्डावर मला एक प्रश्न विचार, मी उत्तर पाठवीन आणि खाली सही असेल. प्रश्न आले, उत्तरं गेली. अशा प्रश्नांतून लेखकाला कळतं की वाचक नेमका कुठे अडतो. मी माझ्या कच्च्या मसुद्यासोबत वाचणाऱ्याला एवढंच सांगतो की अभिप्राय नको, तीन प्रश्न लिहून दे. कथा कुठे लंगडतेय ते त्या तीन प्रश्नांत दिसतं.

२०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला, कथांना नव्हे. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे ही ती चार नगरं. विज्ञानकथेला अजून दाराबाहेर उभं करतात याची मला तेव्हा खंत वाटली होती. पण २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. प्रकृतीमुळे जाऊ शकले नाहीत, तरी ज्या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी उल्लेख केला होता त्यावर शेहेचाळीस वर्षांनी विज्ञानकथाकाराचं नाव अध्यक्ष म्हणून लागलं. २० मे २०२५ ला पुण्यात ते गेले. त्या रात्री मी पुन्हा तीच पानिपताची कथा काढली होती.

आता तुमच्या पाच बदलांचं काय करायचं ते सांगतो. परग्रहवासी काढा, त्यांच्यासाठी दुसरी कादंबरी लिहा. यंत्रातल्या आठवणीही बाजूला ठेवा, ती स्वतंत्र कथा आहे आणि चांगली होईल. २१८० साल पानावर छापायची गरज नाही. मंगळ राहू द्या. आणि पृथ्वी नष्ट करू नका. ती गेली की तुमच्या माणसांना फोन करायला कुणी उरत नाही, मग रडणाऱ्या मुलीला कोण विचारणार? पृथ्वी शाबूत ठेवा, वीस मिनिटं दूर. पहिलं प्रकरण लिहून झालं की नाव झाकून कुणाला तरी द्या, आणि त्याचे तीन प्रश्न मला कळवा.